नागपुरातल्या मोठ्या हॉटेलात उतरताना

मुंबईहून रात्री सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस सकाळी नागपुरात पोचते आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन वाजता. मधले तास कुठे काढायचे, हा प्रश्न म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असली की फार जड जातो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलात स्वतः फोन करा आणि गाडी किती वाजता लागते ते सांगा. खोली रिकामी असली तर लवकर मिळते, कधी फुकट, कधी अर्ध्या दिवसाचं भाडं घेऊन. मात्र फोनवर "बघू, होऊन जाईल" म्हणाले तर त्याला शब्द दिला असं समजू नका. सकाळी सातला खोली हवीच असेल तर आदल्या रात्रीपासूनचं बुकिंग करणं हाच खात्रीचा मार्ग आहे. तेवढा खर्च नको असेल तर सामान बेल डेस्कवर, म्हणजे सामान सांभाळणाऱ्यांच्या काउंटरवर ठेवा, टॅग घ्या, पैसे देऊन नाश्त्याला बसा. पोहण्याच्या तलावाजवळ किंवा जिमजवळ कपडे बदलायची जागा आणि शॉवर असतो. अंघोळीपुरता तो वापरू द्याल का, असं नीट विचारलं तर बरेचदा हो म्हणतात.

बुकिंगचे दिवस आणि जागा

नागपुरात काही दिवस असे आहेत की ऐनवेळी खोली मिळणं कठीण होतं आणि मिळालीच तर भाव चढलेला असतो. डिसेंबरातलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन हे त्यातलं सर्वांत मोठं कारण. दसऱ्याच्या आसपास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटचा सामना लागला की वर्धा रोडची हॉटेलं आधी भरतात. शिवाय लग्नसराई आहेच. या दिवसांत यायचं असेल तर रद्द केल्यास पैसे परत मिळतील असा दर निवडा, भले तो थोडा जास्त असो. स्वस्त दर बहुधा परत न मिळणाऱ्या पैशांचा असतो, आणि तारीख बदलली की सगळं भाडं जातं.

जागा कामाप्रमाणे ठरवा. विमानतळ, त्याजवळची मिहान ही उद्योग-वसाहत किंवा जामठ्याला काम असेल तर वर्धा रोड सोयीचा. बर्डी (सीताबर्डी), धंतोलीतले दवाखाने आणि स्टेशन यांसाठी रामदासपेठ किंवा सदर. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपासून विमानतळ, छत्रपती चौक, अजनी करत सीताबर्डीला येते आणि तिथे ॲक्वा लाइन मिळते, त्यामुळे वर्धा रोडला उतरूनही शहरात येणं अवघड नाही. फक्त त्या रस्त्यावर खाली वाहनं, मध्ये उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो अशी रचना बऱ्याच लांबीवर आहे. झोप हलकी असेल तर मागच्या बाजूची खोली मागा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लग्नाच्या दिवसांत हॉलच्या वरची किंवा लॉनकडे तोंड असलेली खोली नको, हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. रात्री अकरा वाजता खोली बदलून मागितली, तर त्या दिवशी दुसरी शिल्लकच नसते.

दिसतो तो दर आणि भरायचा दर

खोलीवरच्या जीएसटीत ७,५०० रुपयांवर एक मोठी पायरी आहे. एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर लागतो, त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते, आणि ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यातला फरक दोनशेचा, खिशातला जवळपास बाराशेचा. कर लागतो तो प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर, फलकावरच्या दरावर नाही. त्यामुळे भाडं काठावर असेल तर थोडी सूट मागण्यात मोठा अर्थ आहे.

तोच हिशेब जेवणाचाही. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के कर असतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात तो ५ टक्के. म्हणून मेन्यूवर ६०० लिहिलेली भाजी ७०८ ला पडते. ही हॉटेलवाल्याची लबाडी नाही, कराचाच दर तसा आहे. सर्व्हिस चार्ज मात्र वेगळी गोष्ट. तो सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं की तो बिलात आपोआप लावता येत नाही आणि ग्राहकावर सक्ती करता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हे मान्य केलं. बिलात दिसला तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

कंपनीच्या कामाने आला असाल तर कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक खोली घेतानाच द्या. बिल निघाल्यावर नाव बदलणं अवघड जातं. आणि कंपनीची नोंदणी महाराष्ट्राबाहेरची असेल तर इथल्या हॉटेलच्या कराचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर कंपनीच्या करातून वजा करायची सोय, मिळत नाही, कारण कर हॉटेल ज्या राज्यात आहे तिथला लागतो. हिशेबनिसाला आधीच सांगितलेलं बरं.

काउंटरवर

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण त्यावर पत्ता नसतो. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेली द्या. परदेशातून आलेला पाहुणा सोबत असेल तर त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, कारण त्याची माहिती हॉटेलला २४ तासांत सरकारला कळवावी लागते. काही हॉटेलं नागपूरचाच पत्ता असलेल्या पाहुण्याला खोली देताना जास्त चौकशी करतात. घरच्या लग्नासाठी शहरातलीच माणसं उतरणार असतील तर यजमानाने नावांची यादी आधी देऊन ठेवावी.

मग डिपॉझिट मागतात. इथे घोळ होतो. क्रेडिट कार्डवर ती रक्कम फक्त अडवून ठेवली जाते आणि निघताना मोकळी होते. डेबिट कार्डावर किंवा यूपीआयने दिली तर पैसे खात्यातून खरोखर जातात आणि परत यायला काही कामाचे दिवस लागतात. खात्यात मोजकेच पैसे असतील तर क्रेडिट कार्ड द्या किंवा रोख द्या आणि पावती घ्या.

खोलीत

दारातून आत आल्यावर भिंतीवरच्या खाचेत खोली उघडायचं कार्ड घातल्याशिवाय खोलीची लाईन सुरू होत नाही, आणि कार्ड काढलं की एसीसकट सगळं बंद होतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बाहेरून आल्यावर खोली तापलेली मिळते ती यामुळे. कार्डं दोन मागून घ्या. निघताना पडदे पूर्ण ओढून जा, विशेषतः पश्चिमेची खोली असेल तर. उन्हाळ्यात शक्यतो पूर्व किंवा उत्तरेची मागावी. आल्यावर एसी १६ वर लावण्यात अर्थ नाही. खोली त्याने लवकर थंड होत नाही, फक्त नंतर गरजेपेक्षा थंड होऊन घसा धरतो. उन्हातून आल्यावर २४ ते २६ वर ठेवा. बाल्कनीचं दार उघडं राहिलं तर काही हॉटेलांत एसी आपोआप थांबतो, आणि पावसाळ्यात दार उघडं ठेवून एसी चालवला तर काचेवर पाणी धरतं. "एसी बिघडला" अशी तक्रार करण्याआधी दार बघा.

टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांवर "मोफत" लिहिलेलं असेल तर त्या आपल्या, फ्रिजमधल्या नाहीत. मिनीबारच्या, म्हणजे विकत घ्यायच्या खाण्यापिण्याच्या वस्तू ठेवलेल्या, काही फ्रिजांत वस्तू उचलली की लगेच बिलात नोंद होते, परत ठेवली तरी. स्वतःचं औषध, बाळाचं दूध किंवा दही ठेवायचं असेल तर फ्रिज रिकामा करून द्या म्हणून हाऊसकीपिंगला सांगा. किटली फक्त पाण्यासाठी आहे. तिच्यात दूध किंवा शेवया उकळल्या तर तळ जळतो आणि पैसे भरावे लागतात.

अंघोळीला बादली आणि मग नसेल तर मागा, लाजायचं कारण नाही. शॉवरच्या नळाचा दांडा बहुधा डावीकडे गरम, उजवीकडे थंड असतो. आधी हाताने पाणी बघा, मगच मुलांना उभं करा. टबावरचा पडदा टबाच्या आतल्या बाजूला सोडायचा, नाहीतर सगळी फरशी ओली होते आणि घसरायला होतं.

तिजोरी वापरताना आधी दार उघडं ठेवूनच अंक टाकून एकदा बंद-चालू करून बघा, मग दागिने ठेवा. पहिलाच प्रयोग दागिने आत ठेवून केला आणि अंक चुकला, तर मॅनेजर येऊन उघडेपर्यंत थांबावं लागतं. दाराच्या मागे आगीच्या वेळी बाहेर पडायचा नकाशा असतो. आपल्या खोलीपासून जिना कुठे, ते चालत जाऊन बघून या. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते.

आता लग्नघरांसाठी खास. छतावरचा धूर ओळखणारा यंत्राचा डोळा उदबत्ती आणि धूप यांनाही दाद देतो. देवक बसवायचं किंवा पूजा करायची असेल तर हॉटेलला आधी सांगा, ते हॉल किंवा उघडी जागा देतात. हळदीचे हात हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलला पुसू नका. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो आणि निघत नाही, मग टॉवेलची किंमत बिलात येते. घरचे जुने टॉवेल आणि चादरी बरोबर आणा. मेंदीच्या रात्री उशीवर जुनं फडकं घाला. आणि यजमानाने हॉटेलला लेखी द्यावं की आपण फक्त खोली आणि ठरलेली जेवणं भरणार. धुलाई, मिनीबार, खोलीत मागवलेलं ज्याचं त्याने द्यायचं. हे लिहून दिलं नाही तर वऱ्हाड गेल्यावर ते सगळं यजमानाच्या बिलात निघतं आणि मग कोणाला मागायचं, ही अवघड गोष्ट होऊन बसते.

खाणं आणि पोहणं

नाश्ता भाड्यात आहे का आणि किती जणांचा, हे बुकिंगच्या कागदावर बघा. तिसऱ्या माणसाचा किंवा मोठ्या मुलाचा नाश्ता बरेचदा वेगळा लागतो. बुफे साधारण सात ते साडेदहा. साडेनऊनंतर गर्दी आणि डोशाच्या तव्यासमोर रांग. पोहे असतात, पण चण्याची तर्री असेलच असं नाही, मागून बघा. उपास असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत सांगा. साबुदाणा भिजायला वेळ लागतो, सकाळी सांगून खिचडी होत नाही. पेंचच्या सिल्लारी गेटला पहाटेच्या सफारीसाठी निघणार असाल तर बुफे उघडायच्या आधीच तुम्ही गेलेले असता. रात्रीच नाश्ता डब्यात बांधून द्यायला सांगा, पैसे त्याच नाश्त्यात धरतात. सावजी रस्सा मात्र हॉटेलात शोधू नका, तो बाहेर सावजी भोजनालयातच खावा.

पोहायला नायलॉन किंवा लायक्राचे कपडेच लागतात. सुती कपड्याचे धागे सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात, म्हणून बनियनवर उतरू देत नाहीत. मुलांचे पोहण्याचे कपडे घरूनच न्या. हॉटेलच्या दुकानात मिळाले तर महाग पडतात.

दारूबाबत महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि बाकी मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, ओळखपत्र मागतात.

निघताना

बिल आदल्या रात्रीच मागवा. सकाळी काउंटरवर रांग, खाली गाडी उभी, मुलं कंटाळलेली, अशा वेळी कोणी ओळी वाचत नाही. तारखा, नाश्त्याची दुसऱ्यांदा झालेली नोंद, न घेतलेला मिनीबार, डिपॉझिट वजा झालं की नाही, एवढं तपासा. काही चुकलं तर काउंटरवरच्या मुलाशी वाद घालू नका, त्याला बिल बदलायचा अधिकार नसतो. ड्युटी मॅनेजरला बोलवा.

सामान उचलणाऱ्या आणि खोली आवरणाऱ्या माणसांना आठवणीने काही द्या. वेटरला टीप मिळते, पण खोली आवरणारी बाई तुम्ही नसताना येऊन जाते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. उशीजवळ "तुमच्यासाठी" लिहून पैसे ठेवा, नुसते ठेवलेले ती उचलत नाही.

खोली बारा वाजता सोडायची आणि मुंबईची गाडी संध्याकाळी, तर सामान पुन्हा बेल डेस्कवर ठेवता येतं. संत्रा बर्फी घेतली असेल तर तो डबा उन्हाळ्यात सामानात ठेवू नका. नाव आणि गाडीची वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवायला द्या, आणि निघायच्या वेळी बॅगांच्या टॅगबरोबर तोही आठवणीने मागून घ्या.