फुप्फुस किंवा यकृताच्या प्रगत एमआरआयला जाताना

चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय' लिहिलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, नेमकं काय पाहायचंय? यकृतातली चरबी, यकृताचा ताठरपणा, की फुप्फुसात हवा कुठवर पोचते ते? तयारी त्यावर ठरते.

पेसमेकर, शरीरातली क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, सगळं आधीच सांगा. इथे संकोच नको.

यकृतातली चरबी मोजायला सुई लागत नाही. पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन किंचित वेगळ्या वारंवारतेवर संकेत देतो, त्यावरून चरबीचा टक्का काढतात. तो साधारण 5च्या वर गेला की फॅटी लिव्हर म्हणतात. ताठरपणा पाहायचा असेल, म्हणजे इलॅस्टोग्राफी, तर चार ते सहा तास उपाशी राहा. जेवल्यावर यकृताकडे रक्त वाढतं आणि ते आहे त्याहून ताठर भासू शकतं. बरगड्यांवर एक चपटी तबकडी बांधतात, ती बहुधा सेकंदाला 60 वेळा थरथरते. दुखत नाही, विचित्र मात्र वाटतं. वारंवार रक्त चढवलेलं असेल तर तेही सांगा. साठलेल्या लोहामुळे संकेत हरवू शकतो.

फुप्फुस एमआरआयला कायम चकवत आलंय. आत बहुतेक हवा, हायड्रोजन थोडका, आणि संकेत मिलिसेकंदभरात विझतो. त्यावरचा एक उपाय म्हणजे लेसरच्या मदतीने ध्रुवीकृत केलेला, म्हणजे एमआरआयमध्ये ठळक संकेत देईल असा बनवलेला, झेनॉन-129 वायू. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला डिसेंबर 2022मध्ये मान्यता दिली. पिशवीतून तो श्वासात घ्यायचा आणि दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचा. वायू पोचला नाही तो भाग चित्रात काळा दिसतो. थोडा झेनॉन तांबड्या पेशींपर्यंत जाऊन वेगळ्या वारंवारतेवर संकेत देतो, त्यामुळे वायूंची देवाणघेवाणही तपासता येते. क्षणभर डोकं हलकं होऊ शकतं. ही सोय मोजक्याच केंद्रांत आहे.

माझ्या मते खरी तयारी श्वासाची. घरी घड्याळ लावून सराव करा. यकृतासाठी बहुधा श्वास सोडून थांबायला सांगतात, दर वेळी तितकाच सोडून. झेनॉनसाठी उलट, आत घेऊन. दम पुरत नसेल तर आत जाण्यापूर्वीच तंत्रज्ञाला सांगा. ते कमी वेळाचे टप्पे करू शकतात. मध्येच श्वास सुटला तर चित्र धूसर होतं आणि तो टप्पा पुन्हा करावा लागतो.