प्रूफ नाण्याचा ठसा ओळखताना या चुका टाळा

राणीछाप रुपया आरशासारखा चमकला म्हणून तो प्रूफ ठरत नाही. नाशिकमध्ये कितीतरी देव्हाऱ्यांतला असा रुपया दर लक्ष्मीपूजनाला रांगोळीने नाहीतर चिंचेने घासून निघतो. त्यावर कुणी बफ मारला की आणखी उजळतो. प्रूफ ही घडवण्याची रीत आहे: चकाकी दिलेली चकती, घोटलेले ठसे (नाण्यावर छाप उमटवणारे साचे) आणि सावकाश, बहुधा एकाहून जास्त वेळा दिलेला दाब. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार उभ्या राहतात आणि किनारीचे दाते, म्हणजे काठालगतची दातेरी नक्षी, पूर्ण भरतात. घासलेल्या नाण्याची मोकळी जागा चमकते, पण अक्षरांचे खांदे गोलावलेले असतात. बहुतेक ‘प्रूफ’ या पहिल्याच चाळणीत गळतात.

नाशिकरोडच्या छापखान्याचं नाणं म्हणून कुणी काही विकत असेल तर तिथेच थांबा. तिथे नोटा छापतात. भारतीय नाणी पाडणाऱ्या सरकारी टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथे आहेत. मुंबईच्या चलनी नाण्यावर वर्षाखाली हिरकणीची खूण असते, तर प्रूफसाठी तिथे १९६९ पासून आधी ‘बी’ आणि नंतर ‘एम’ वापरलं गेलं. त्यानंतरचं हिरकणीवालं चकचकीत नाणं प्रूफच्या भावात घेऊ नका.

उठलेली रेघ आणि खोलगट रेघ

या दोन रेघांची गल्लत करणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. ठसा घोटताना त्याच्यावर पडलेला ओरखडा म्हणजे ठशातली खाच. दाबाखाली धातू त्या खाचेत शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उठलेली येते. अक्षरं ठशात खोल कोरलेली असतात आणि घोटायचा दगड तिथवर पोचत नाही, त्यामुळे अशी रेघ अक्षराच्या कडेशी येऊन थांबते आणि बऱ्याचदा पलीकडे पुन्हा सुरू होते. नाणं घासल्यावर पडलेली रेघ मात्र खोलगट असते आणि अक्षरावरूनही सरळ निघून जाते. ठशाला गेलेला तडाही नाण्यावर उठलेलाच दिसतो.

फोटोत उठाव आणि खोलगटपणा यांचा हमखास गोंधळ होतो. त्यावर उपाय सोपा आहे. दिवा एकाच बाजूला, तिरका ठेवा. अक्षराचा कोणता काठ उजळला ते आधी पाहा, कारण अक्षर उठलेलं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. रेघेचा तोच काठ उजळला तर ती उठलेली, उलटा उजळला तर खोलगट. मग नाणं ९० अंश फिरवून पुन्हा बघा. १० पट भिंग पुरतं; २० पटीला नाण्याचा फार थोडा भाग दिसतो आणि जागा चुकते.

अशी उठलेली रेघ किंवा तडा म्हणजे ठशाची ओळखखूण. तिची जागा लिहिताना ‘वर्षाजवळ बारीक रेघ’ असं लिहू नका, त्याने कुणालाच काही सापडत नाही. घड्याळाचा काटा आणि किनारीचे दाते वापरा: ‘५ वाजता, शेवटच्या अंकाच्या डावीकडे, तिसऱ्या दात्याकडे जाणारी रेघ’. एका खुणेवर विसंबू नका. दोन्ही बाजूंच्या मिळून निदान तीन खुणा जुळायला हव्यात, कारण एकच दर्शनी ठसा मागच्या बाजूच्या वेगवेगळ्या ठशांशी जोडलेला असू शकतो.

खूण जुळली, तरी प्रूफ?

नाही. खूण फक्त ठसा कोणता ते सांगते. प्रूफसाठी वापरलेला ठसा पुढे चलनी नाण्यांसाठीही चालवला जाऊ शकतो. शिवाय मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून नंतर, संग्राहकांसाठी, नाणी पुन्हा पाडलेली आहेत. पडून राहिलेल्या ठशाला गंज लागून बारीक खड्डे पडतात आणि नाण्यावर त्यांचे पुरळासारखे उंचवटे येतात. तडा वाढलेला, पुरळ उठलेलं, तरीही मोकळी जागा चकचकीत, असं नाणं दिसलं तर ते उशिराचं असण्याची शक्यता आधी तपासा.

दुहेरी रेषा दिसल्या की लगेच ‘दुहेरी ठसा’ (ठशातच दोनदा उमटलेली नक्षी) म्हणू नका. दोनदा दाबताना नाणं किंचित सरकलं तरी तसं दिसतं. एकावर एक दोन छाप कसे वाचायचे हे शिकायला आपल्याकडे उत्तम नमुना आहे: १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांपैकी बहुतेकांवर क्षत्रप राजा नहपानाच्या छापावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप मारलेला आहे.

नकलीचा धोका वेगळा. खऱ्या नाण्यावरून ठसा बनवला तर खऱ्या खुणाही उतरतात, पण त्या एका नाण्याला वापरात बसलेली ठेचसुद्धा उतरते. दोन नाण्यांवर त्याच जागी तीच खोलगट ठेच दिसली तर सहसा दोन्ही संशयास्पद. चांदीचा राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा वापरा. विशिष्ट गुरुत्व १०.३ च्या आसपास यायला हवं.

शोध कुणाचा

एकाच नाण्यावरून ठशाचा नवा प्रकार जाहीर करू नका. दुसरं नाणं मिळेपर्यंत ती खूण ठशाची आहे की त्या नाण्याच्या इजेची, हे नीट सिद्ध होत नाही. जुने कॅटलॉग आणि लिलावांचे फोटो आधी चाळा. नाशिककरांना १९८० साली सुरू झालेली अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था जवळच आहे.

श्रेयाच्या नोंदीत तीन माणसं वेगळी लिहा: खूण पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आली तो, नाण्याचा मालक आणि ठशांची जोडी पक्की करणारा. मालकालाच शोधक म्हणायची सवय वाईट आहे, विक्रेते ती मुद्दाम लावतात. सोबत पाहिल्याची तारीख, वजन, व्यास, दोन्ही बाजू एकमेकींशी किती अंशांनी फिरलेल्या आहेत ते, आणि प्रत्येक खुणेचे दोन दिशांच्या उजेडातले फोटो जोडा. फोटो काढण्याआधी नाणं पुसू नका.