प्रवासात ग्लूटेनमुक्त पिझ्झा निवडताना

सीलिअ‍ॅक आजारात ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतले प्रथिन, पोटात गेल्यास आतड्याला इजा होते. हा आजार असलेली व्यक्ती परक्या शहरात पिझ्झा खायला जाते, तेव्हा ‘तुमच्याकडे ग्लूटेनमुक्त बेस मिळतो का?’ एवढेच विचारून ती बहुधा थांबते. हा प्रश्न अपुरा आहे. बेस बऱ्याच ठिकाणी बंद पाकिटातून आलेला आणि निर्धोक असतो. धोका सुरू होतो तो पाकीट फोडल्यानंतर, कारण पिझ्झाच्या स्वयंपाकघरात मैदा ओट्यावर, हातांवर आणि हवेतही असतो.

युरोपीय संघाच्या 828/2014 या नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, आणि हा नियम उपाहारगृहात मिळणाऱ्या सुट्या पदार्थांनाही लागू आहे. या हिशेबाने 300 ग्रॅमच्या पिझ्झात जास्तीत जास्त 6 मिलिग्रॅम ग्लूटेन बसते. उलट एक ग्रॅम मैद्यात ते साधारण 70 ते 100 मिलिग्रॅम असते. म्हणजे ओट्यावरची चिमूटभर पिठीसुद्धा ही मर्यादा सहज ओलांडते. ‘ग्लूटेन-फ्रेंडली’सारख्या शब्दांमागे मात्र असे कोणतेही निश्चित प्रमाण नसते, मेनूकार्डावर तो शब्द दिसला, की चौकशी अधिक कसून करावी.

चौकशी पदार्थाची न करता कृतीची करावी. हा पिझ्झा कोणत्या ओट्यावर तयार होतो, तो भट्टीत सरकवायचे फावडे वेगळे आहे का, त्या फावड्यावर रवा किंवा मैदा भुरभुरतात का, आणि शेवटी तो कोणत्या कटरने कापतात, हे एकेक करून विचारावे. सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते सॉसच्या पळीकडे: तिच्या बुडाने गव्हाच्या बेसवर सॉस पसरला जातो आणि तीच पळी पुन्हा भांड्यात बुडते, त्यामुळे एरवी निर्दोष असलेल्या सॉसमध्ये ग्लूटेन उतरते. किसलेल्या चीजच्या डब्याचेही तेच, कारण पीठ थापणारा हातच त्यात जातो. म्हणून सॉस, चीज आणि इतर टॉपिंग वेगळ्या डब्यांतून काढतात का, हे स्पष्टपणे विचारण्यात संकोच बाळगू नये.

भट्टीच्या उष्णतेने ग्लूटेन नष्ट होते, हा समज चुकीचा आहे. स्वतंत्र भट्टी असेल तर उत्तमच; नसेल तर पिझ्झा सामायिक दगडावर थेट न ठेवता स्वच्छ, वेगळ्या ट्रेमध्ये भाजला गेला पाहिजे, आणि इतके करूनही पिठाच्या धुळीचा धोका पूर्णपणे टळत नाही.

उत्तर देण्याच्या पद्धतीवरूनही बरेच कळते. ‘हो हो, काही काळजी करू नका’ असे तत्काळ मिळालेले आश्वासन माझ्या मते फारसे भरवशाचे नसते. ‘सीलिअ‍ॅक आहे की केवळ आवड?’ असे उलट विचारून आत चौकशी करायला जाणारा कर्मचारी अधिक विश्वासार्ह. त्यासाठी आजाराचे नाव आणि वरील अटी स्थानिक भाषेत लिहिलेले कार्ड जवळ बाळगावे, शक्यतो आदल्या दिवशी फोन करावा आणि गर्दीच्या वेळा टाळाव्यात. इटलीत जाणार असाल, तर तेथील सीलिअ‍ॅक संघटनेने, म्हणजे ‘असोसिआझिओने इतालियाना चेलियाकिया’ने, प्रशिक्षित उपाहारगृहांचे जाळे उभारले आहे, शोधाची सुरुवात तेथूनच करावी.

तयार बेसच्या घटकांत ‘ग्लूटेन काढलेले गव्हाचे स्टार्च’ आढळले, तर दचकण्याचे कारण नाही. ग्लूटेनचे प्रमाण मर्यादेत असल्यास ते सीलिअ‍ॅकच्या रुग्णांना चालते; गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मात्र नाही.

एका ठिकाणी पिझ्झा खाऊन त्रास झाला नाही, म्हणून ते ठिकाण सुरक्षित ठरत नाही. लक्षणे न दिसताही आतड्याला इजा होऊ शकते. उत्तरे समाधानकारक नसतील, तर तेथे पिझ्झा मागवू नये आणि ‘वरचे टॉपिंग तेवढे खाईन’ अशी तडजोडही करू नये. मुक्कामाच्या खोलीत ओव्हन असल्यास प्रमाणित ग्लूटेनमुक्त गोठवलेला पिझ्झा आणून, तेथील ट्रेवर अॅल्युमिनियमची नवी फॉइल अंथरून भाजावा आणि स्वतःजवळच्या सुरीने कापावा.