महामार्गासाठी शांत आणि आरामदायी टायर कसे निवडावेत

गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेला, की इंजिनाचा आवाज मागे पडतो आणि टायर व रस्ता यांच्यातून उठणारी घरघर वरचढ ठरू लागते. ताशी १०० च्या आसपास तीत वाऱ्याचा आवाजही मिसळतो. टायर बदलताना ही घरघर बरीच कमी करता येते. मात्र ‘सर्वांत शांत टायर कोणता?’ या प्रश्नाला उपयोगी पडेल असे उत्तर नसते. आवाज, हादरा आणि थरथर हे तीन वेगळे त्रास आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. त्यांपैकी आपल्याला कोणता त्रास नको आहे, हे ठरले की निवड सोपी होते.

१. दोष टायरचाच आहे का, ते तपासावे

एकाच वेगाने आधी गुळगुळीत डांबरी रस्त्यावर आणि नंतर खडबडीत किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. रस्ता बदलताच आवाजाचा सूर आणि जोर बदलत असेल, तर तो टायरचा आवाज आहे. रस्ता कोणताही असला तरी घूं-घूं तशीच राहत असेल, आणि मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी किंचित डावी-उजवीकडे वळवताना ती कमी-जास्त होत असेल, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर घ्यावा. वळताना एका बाजूच्या चाकावरचा भार वाढतो आणि खराब बेअरिंग लगेच तक्रार करते. ठरावीक वेगालाच, बहुधा ताशी ८० ते ११० च्या दरम्यान, स्टीअरिंग थरथरत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सर्व बाजूंनी सारखे करणे, करून घ्यावे. नव्या टायरपेक्षा ते फार स्वस्त पडते.

यानंतर गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळहात पुढे-मागे फिरवावा. एका दिशेने हात सहज सरकतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे काही टोचते, असे जाणवले तर नक्षीचे ठोकळे तिरके झिजले आहेत. असा टायर बेअरिंग गेल्यासारखाच आवाज करतो आणि त्यामुळे मेकॅनिकही चकतात. वेळच्या वेळी चाकांची अदलाबदल न करणे, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडणे किंवा शॉक ॲबसॉर्बर थकणे ही या झिजेची नेहमीची कारणे आहेत. ती दूर न करता महागडे शांत टायर बसवले, तर काही हजार किलोमीटरनंतर तेही तसेच घुमू लागतील.

२. टायरवरचे आकडे वाचावेत

बाजूच्या भिंतीवर ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ असे काहीसे छापलेले असते. यातील २०५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे येथे सुमारे ११३ मिलिमीटर. आर ही रेडियल रचनेची खूण असून १६ हा रिमचा इंचातील व्यास आहे. ९१ हा भारांक सांगतो की हा टायर ६१५ किलो वजन पेलू शकतो, आणि व्ही हे अक्षर ताशी २४० किलोमीटरची वेगमर्यादा दाखवते. एच असेल तर २१० आणि टी असेल तर १९०. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या भारांकाच्या आणि वेगाक्षराच्या खाली कधीही जाऊ नये.

मात्र गरजेपेक्षा फार वर जाणेही आरामाला मारकच ठरते, आणि ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. त्याच मापाचा ‘एक्सएल’ खूण असलेला ९४ भारांकाचा टायर ६७० किलो पेलतो, पण त्यासाठी त्याची रचना भक्कम केलेली असते आणि अनेकदा त्यात हवाही जास्त ठेवावी लागते, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक सांधा आत जाणवतो. हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे रन-फ्लॅट टायर तर बाजूच्या जाड भिंतीवरच उभे राहत असल्याने आणखी कडक असतात. मूळ गाडीला एक्सएल किंवा रन-फ्लॅट टायर सांगितलेले असतील, तर ते बदलण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. तसे सांगितलेले नसेल, तर ‘जास्त मजबूत म्हणजे जास्त चांगला’ या सल्ल्याला भुलू नये.

३. शक्य असल्यास भिंत उंच ठेवावी

हादरे शोषण्याच्या बाबतीत टायरच्या भिंतीच्या उंचीइतका फरक दुसरी कोणतीही गोष्ट क्वचितच करते. टायरमध्ये वजन तोलते ती हवा. भिंत जितकी उंच, तितकी ती हवा आणि रबर दबायला जागा जास्त. म्हणूनच एकाच गाडीच्या वरच्या श्रेणीला मिळणारी मोठी, देखणी चाके महामार्गावर खालच्या श्रेणीच्या साध्या चाकांपेक्षा बहुधा जास्त खडखडतात.

गाडी बनवणाऱ्याने एकापेक्षा जास्त मापांना परवानगी दिली असेल, तर लहान रिमचे माप निवडावे. उदाहरणार्थ, २२५/४५ आर १७ आणि २०५/५५ आर १६ या दोन मापांच्या चाकांचा एकूण व्यास अनुक्रमे सुमारे ६३४ आणि ६३२ मिलिमीटर भरतो, त्यामुळे स्पीडोमीटरला जवळजवळ काही फरक कळत नाही. पण दुसऱ्या मापात भिंत सुमारे १२ मिलिमीटर उंच होते आणि टायर २० मिलिमीटर अरुंद होतो. उंची वाढल्याने हादरा कमी होतो, तर रुंदी घटल्याने सहसा आवाजही थोडा उतरतो. वळणावर गाडी किंचित सुस्त वाटेल, पण मुख्यतः सरळ महामार्गावर फिरणाऱ्याला हा सौदा फायद्याचा आहे. लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, एवढे मात्र विकत घेण्यापूर्वीच बसवून पाहावे.

४. नक्षी नीट पाहावी

नक्षीचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, खाचेतली हवा दाबली जाऊन बाहेर फेकली जाते, आणि टायर व रस्ता यांच्यामधली पाचरीच्या आकाराची फट कर्ण्यासारखी तो आवाज मोठा करते. सगळे ठोकळे एकाच लांबीचे असते, तर ते एका लयीत आपटून शिट्टीसारखा एकच सूर निघाला असता. तो टाळण्यासाठी कारखान्यातच ठोकळ्यांच्या लांबीत मुद्दाम फरक ठेवतात. टायर हातात घेऊन नीट पाहिले, तर हा लहान-मोठेपणा डोळ्यांनाही दिसतो.

महामार्गासाठी मध्यभागी अखंड पट्ट्या असलेली, बारीक चिरांची आणि कडेला फार रुंद आडव्या खाचा नसलेली नक्षी चांगली. आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असलेले असममित नक्षीचे टायर यात बहुधा उजवे ठरतात. बाणाच्या आकाराच्या, एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे टायर पाणी झपाट्याने बाहेर टाकतात, परंतु ते फक्त एकाच बाजूच्या पुढच्या-मागच्या चाकांत अदलता येतात. त्यामुळे तिरकी झीज झाल्यावर तिला आवरणे अवघड जाते. एसयूव्ही असेल आणि ती डांबर सोडून फारशी जात नसेल, तर कच्च्या-पक्क्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीच्या ‘एटी’ऐवजी महामार्गासाठीच्या ‘एचटी’ प्रकारचे टायर घ्यावेत. मोठ्या ठोकळ्यांचा रुबाब दिसायला चांगला, पण त्याची किंमत कानांना मोजावी लागते.

५. आवाजाचा आकडा समजून वापरावा

युरोपीय संघाच्या टायर-पट्टीवर आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो, आणि तो अनेकदा चुकीच्या अर्थाने वाचला जातो. हे मोजमाप ताशी ८० किलोमीटर वेगाने, इंजिन बंद ठेवून, ठरावीक प्रकारच्या रस्त्यावर, मार्गिकेच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटर अंतरावर ठेवलेल्या मायक्रोफोनने घेतात. म्हणजे ऐकणारा रस्त्याकडेला उभा आहे, गाडीत बसलेला नाही. तरीही हा आकडा निरुपयोगी नाही. ३ डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिशक्ती दुप्पट किंवा निम्मी होणे, तेव्हा ६८ आणि ७२ या आकड्यांमधला फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे. एखाद-दुसऱ्या डेसिबलवरून मात्र निवड करू नये. तसेच आकड्याशेजारच्या ए, बी, सी या अक्षरांवरून वेगवेगळ्या मापांची तुलना करू नये, कारण रुंद टायरला जास्त आवाजाची मुभा असते.

त्याच पट्टीवर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणीही असते. शांततेसाठी या श्रेणीत तडजोड करणे मला पटत नाही. आधी ए किंवा बी श्रेणीचे टायर वेगळे काढावेत आणि मग त्यांतून शांत टायर शोधावा.

पोकळीतली घूं-घूं हा एक वेगळाच प्रकार आहे. टायरच्या आतली हवा साधारण २०० ते २५० हर्ट्झला घुमते, आणि सांध्यावरून जाताना रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा आवाज येतो. त्यासाठी काही कंपन्या टायरच्या आतून पॉलियुरेथेन फोमचा पट्टा चिकटवतात. त्याचा उपयोग होतो, पण नक्षीच्या आवाजावर किंवा हादऱ्यांवर तो उपाय नाही, किंमत वाढते आणि पंक्चर काढताना तेवढ्या जागेचा फोम कापावा लागतो. केबिन मुळातच शांत असलेल्या गाडीत, विशेषतः विजेवर चालणाऱ्या गाडीत, तो लाभदायक ठरतो. इतरत्र त्यावर खर्च करण्याआधी विचार करावा.

इतरांचे अनुभव वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: गाडी आपल्यासारखी आहे का, माप तेच आहे का, आणि टायर किती चालले आहेत. नवे टायर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला गाडी शांत वाटते, कारण तुलना गोटा झालेल्या जुन्या टायरशी असते. दहा-पंधरा हजार किलोमीटर चाललेल्याचे मत खरे धरावे.

६. बसवताना आणि नंतर

टायरवरील ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. कोठारात पडून राहिलेले रबर कडक होत जाते, म्हणून शक्य तितके ताजे टायर मागून घ्यावेत. चारही टायर एकत्र बदलणे उत्तम. दोनच बदलायचे असतील, तर नवे टायर मागे बसवावेत, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू घसरण्याचा धोका कमी राहतो. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत चारही टायरचा घेर सारखा असणे आवश्यक असते.

बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे आणि हवेचा दाब स्वतः पाहावा. दुकानात सवयीने चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) जास्त हवा भरली जाते, आणि एवढ्यानेही मऊ टायर कडक वाटू लागतो. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो. टायरच्या भिंतीवर छापलेली असते ती कमाल मर्यादा. गाडी तीन-एक तास उभी राहून टायर थंड झाल्यावर दाब मोजावा. पहिले काहीशे किलोमीटर वेग आणि ब्रेक जपून वापरावेत, कारण नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. त्यानंतर दर ८ ते १० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी आणि प्रत्येक वेळी नक्षीवरून तळहात फिरवावा. करवतीचे दाते हाताला सुरुवातीलाच कळले, तर अलाइनमेंट दुरुस्त करून टायर वाचवता येतो.