सोलापुरी चादरीपुढे राजेशाही पोर्ट्रेट

केहिंदे वायली या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराने 2005 मध्ये फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदच्या चित्रातल्या घोडेस्वार नेपोलियनच्या जागी आजचा कृष्णवर्णीय तरुण बसवला. पोझ तीच, कपडे मात्र लष्करी छापाचे. मागे आल्प्सऐवजी लाल-सोनेरी वेलबुट्टी. सोलापुरात असं पोर्ट्रेट रंगवायचं तर वेलबुट्टीच्या जागी चादर घ्या, समोर यंत्रमाग कामगार किंवा विडी वळणारी बाई.

जुन्या चित्रांची पुस्तकं पुढे ठेवून पोझ त्यांनाच निवडू द्या. कपडे त्यांचेच. भरजरी फेटा चढवला की फॅन्सी ड्रेस झालाच म्हणून समजा.

फोटो 10-12 फुटांवरून, कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून, झूम करून काढा. जवळून काढल्यास पाय थोराड दिसतात, डोकं लहान. उजेड एका बाजूच्या खिडकीतून घ्या. चेहऱ्यावर फोकस केला की फोन सावळा रंग उजळवतो. कपाळावरची चकाकी पांढरी फटक न पडेल इतकं एक्स्पोजर उतरवा.

आता त्वचा, खरी परीक्षा इथे. ट्यूबमधला काळा वापरू नका, चेहरा मेलेला दिसतो. दोन भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि एक भाग अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून गडद सावली करा. मधल्या छटेला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), उजळायला यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि किंचित कॅडमियम ऑरेंज. टिटॅनियम व्हाइटने उजळवलं की राख फासल्यासारखं होतं. तो फक्त कपाळ, नाक, गालाच्या चकाकीला, तोही निळसर करून, टोकाएवढा. गोरं करायची कॅलेंडरछाप सवय हाताला असतेच, म्हणून रंग दर वेळी फोटोशेजारी धरून ताडून पाहा.

चादरीची एक पूर्ण नक्षी ग्राफ पेपरवर उतरवा. जकार्डच्या, म्हणजे मागावरच विणलेल्या नक्षीच्या, कडा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात; त्या गुळगुळीत केल्यात तर चादर जाऊन वॉलपेपर येतो. ही पार्श्वभूमी आधी अ‍ॅक्रिलिकमध्ये करा, आकृती त्यावर तैलरंगात. वायलीसारखी दोन-चार फुलं अंगापुढे आणायची तर ती तैलरंगातच, खालचा थर सुकल्यावर. तेलावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पापुद्रे सुटतात.

अंबरचे भाग सुकल्यावर निस्तेज पडतात. तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून उरलेलं कापडाने टिपून घ्या. व्हार्निशला मात्र निदान सहा महिने थांबा.