अनोळखी रेड वाईन चाखताना या चुका टाळा

नाशिकची असो, चिलीची असो की पाहुण्यांनी आणलेली स्पेनची, अनोळखी रेड वाईन बऱ्याच घरांत पहिल्याच घोटाला नापास होते. 'घसा जाळते', 'कडू आहे', 'आंबली वाटतं'. यातला निम्मा दोष उकाड्याचा असतो. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम युरोपातल्या थंड घरांतला. म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये हॉलमध्येच ३२ अंश असतात. त्या तापमानाला अल्कोहोल आधी नाकात चढतं, फळाचा वास त्यामागे दडतो. बाटली पाऊण-एक तास फ्रिजमध्ये ठेवा, किंवा बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं. फार गार झाली तर वास मिटतो आणि तुरटपणा टोचतो. मग ग्लास थोडा वेळ तळहातात धरायचा.

दुसरी चूक चकलीची. तिखटाने पोळलेल्या जिभेला वाईन आणखी जळजळीत आणि तुरट लागते. मसाला सुपारी किंवा मिंट खाऊन बसलात तर विचारूच नका. पारख करायची असेल तर पहिले दोन घोट फराळाआधी घ्या. पहिला तोंड तयार करण्यापुरता. मत दुसऱ्यावर द्या, तोही पाच-सहा सेकंद तोंडात घोळवून.

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. तुरट, आंबट आणि कडू या तिन्हींना आपण सरसकट 'कडू' म्हणून मोकळे होतो. जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या आणि जीभ जशी कोरडी पडते, ते टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. गालांच्या आत लाळ सुटली तर ती आम्लता. गिळल्यावर घशात ऊब आली तर ते अल्कोहोल. तुरटपणा खटकत असेल तर चीजचा तुकडा खाऊन पुन्हा घोट घ्या. बरीच मवाळ लागली, तर ती वाईन बिघडलेली नाही, जेवणासोबत प्यायची आहे.

डोळ्यांवर फार विसंबू नका. ग्लासच्या कडेवरून ओघळणाऱ्या रेषा मुख्यतः अल्कोहोलमुळे येतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही. गडद रंग म्हणजे भारी वाईन, हेही खरं नाही. पिनो न्वार या द्राक्षाच्या वाईनचा रंग मुळातच फिका. फ्रान्समधल्या बोर्डोच्या एका अभ्यासात, जो २००१ साली प्रसिद्ध झाला, ५४ जणांना लाल रंग मिसळलेली व्हाइट वाईन दिली, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. आणि हे सगळे वाईनशास्त्राचे विद्यार्थी! लेबलचंही तसंच. स्पेनमध्ये रेड वाईनवर 'रेझेर्वा' लिहायला किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. इतर बऱ्याच देशांत 'रिझर्व्ह' हा शब्द उत्पादकाच्या मर्जीचा. फिरकीचं झाकण दिसलं की नाक मुरडणारेही बरेच भेटतात. त्यांना कॉर्क कुजका निघाल्याचा अनुभव नसावा.

त्या कुजकेपणाबद्दल जरा सविस्तर, कारण खरा बिघाड ओळखता आला तरच बाकीची तक्रार आवडीनिवडीची ठरते. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरशीचा वास आला तर संशय कॉर्कमधल्या टीसीए या रसायनावर घ्यायचा. त्याने अपाय होत नाही, पण फळाचा वास मरतो, आणि वाईनला हवा लागली तरी तो वास जात नाही. मात्र आधी रिकामा ग्लास हुंगून बघा. ओल्या फडक्याने पुसून कपाटात पालथा ठेवलेला ग्लास अगदी असाच वास मारतो! विझलेल्या काडीचा किंवा सडक्या अंड्याचा वास असेल तर घाई नको. ग्लास फिरवा, पंधरा मिनिटं थांबा, बहुधा उडून जातो. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा भपकारा आला तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही.

कॉर्क तोंडाच्या वर सरकलेला आणि मानेवर चिकट ओघळ असेल, तर बाटली बहुधा कुठेतरी उन्हात तापली आहे. हे दुकानातच बघून घ्या. तळाशी खडीसाखरेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत; शेवटचा घोट ग्लासात ओतू नका, झालं.

बिघाड नक्की वाटला तर उरलेली वाईन सिंकमध्ये ओतू नका. बाटली कॉर्कसकट आणि पावतीसकट दुकानात न्या. रिकाम्या बाटलीवर कुणी विश्वास ठेवत नाही.