पावसाळ्यात मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग लागलीये? मग एवढं डोक्यात घालून या

जुलैची पोस्टिंगची लिस्ट लागली की नर्सिंगच्या ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, ताई काय वाचून जाऊ, कुठली नोट्स आणू, तर या वेळी सगळ्यांना एकदाच लिहून टाकते. सेकंदकाट्याचं घड्याळ, खिशात मावेल अशी डायरी, जास्तीचं पेन (डॉक्टर मागून नेतात आणि परत येत नाही) हे ट्यूटर सांगतीलच. मी डोक्यात काय आणायचं ते सांगतेय. नुसत्या व्याख्या घोकून आलात तर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) भागेल पण वॉर्डात नाही भागणार, कारण डायग्नोसिस डॉक्टर लिहितात हे खरं, पण ते ज्याच्या जोरावर लिहितात त्यातलं कितीतरी, म्हणजे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इंटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली), ब्लडचं सॅम्पल, पेशंटने रात्री दोनला सांगितलेली एखादी गोष्ट, हे आपल्या हातून गेलेलं असतं.

हेल्थची डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) व्याख्या पाठ करा, त्यातून सुटका नाही. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक असं संपूर्ण स्वास्थ्य, फक्त रोग नसणं नव्हे. १९४८ पासून तीच आहे, त्या वर्षी ७ एप्रिलला संघटनेची घटना (संविधान) लागू झाली म्हणून तो जागतिक आरोग्य दिन, हा एक मार्क फुकटचा आहे, सोडू नका. त्यातल्या ‘संपूर्ण’ शब्दावर टीका होते कारण त्या हिशोबाने विरार लोकलने रोज येणारा एकही माणूस हेल्दी ठरणार नाही, पण परीक्षेत हे असंच लिहू नका, ‘ही अवस्था प्रत्यक्षात गाठणं कठीण आहे’ असं लिहा.

आता साइन आणि सिम्प्टम. पेशंट सांगतो ते सिम्प्टम, आपण बघतो किंवा मोजतो ते साइन, एवढं सगळ्यांना येतं. तयारी पुढची आहे. तक्रार लिहिताना पेशंटचेच शब्द लिहायचे आणि किती दिवस ते लिहायचं, आणि हे ‘किती दिवस’ काढणं मुंबईत महाकठीण काम आहे. ताप कधीपासून विचारलं की बहुतेक जण कालपासून म्हणतात, कारण काल ते कामावर जाऊ शकले नाहीत, त्याच्या आधीचे तीन दिवस क्रोसिन खाऊन गर्दीत लटकत गेलेले असतात आणि तो ताप ते तापात धरतच नाहीत. म्हणून सरळ विचारू नका. पहिली गोळी कधी घेतली, अंग कधी मोडून आलं, कामावर शेवटचं गेलात तेव्हा कसं वाटत होतं, असं विचारा आणि घरचं माणूस सोबत असेल तर त्यालाही विचारा. मग तारीख लिहा, ‘३ दिवस’ नाही, तारीख, कारण उद्याच्या ड्यूटीवालीने ते ३ दिवस कुठून मोजायचे?

एवढं मागे का लागायचं तर डेंग्यूत सगळं त्या पहिल्या दिवसावरून मोजतात. एनएस१ ही टेस्ट (रक्तात डेंग्यू व्हायरसचं प्रोटीन शोधते) पहिल्या साधारण पाच दिवसांत पॉझिटिव्ह यायची शक्यता जास्त, नंतर कमी होत जाते आणि मग आयजीएम (शरीराने तयार केलेली अँटीबॉडी) बघतात. दिवस चुकला की निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन सगळे निश्चिंत होतात. सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी (टेस्ट आजारी माणसाला किती पकडते आणि निरोगी माणसाला किती बरोबर निगेटिव्ह दाखवते) हा जो रटाळ चॅप्टर आहे तो इथे कामाला येतो, रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे आजार नाही असं नसतं, टेस्ट कधी केली ते बघावं लागतं.

आणि तापाचा कोर्स नीट समजून या. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, नातेवाईक खूश, पेशंट म्हणतो सिस्टर डिस्चार्ज कधी, आणि नेमका तोच धोक्याचा काळ असतो कारण रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बाहेर झिरपायला लागतो. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम सुस्ती किंवा उगाच चिडचिड, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर लगेच कळवायचं. बीपी घेताना फक्त वरचा आकडा बघून पुढच्या बेडला पळू नका. समजा १००/८२ आलं. वरचा शंभर आहे म्हणून नवीन मुली ‘स्टेबल’ लिहितात, पण वजाबाकी करा, १८ आली. हा पल्स प्रेशर, आणि डेंग्यूत तो २० किंवा त्याच्या खाली आला म्हणजे पेशंट शॉककडे (अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याच्या अवस्थेकडे) चाललाय, बीपी पडायची वाट बघायची नाही, तिथल्या तिथे रेसिडेंटला (ड्यूटीवरच्या डॉक्टरला) फोन. मला विचाराल तर अख्ख्या पोस्टिंगमध्ये एवढी एक वजाबाकी करायची सवय लागली तरी खूप झालं.

इन्क्युबेशन पिरियड (जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) पाठ करताना नुसते आकडे करू नका, हिस्ट्रीला (पेशंटने सांगितलेल्या माहितीला) लावून करा. डेंग्यू साधारण ४ ते १० दिवस, फाल्सिपेरम मलेरिया ९ ते १४, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा) बहुतेक वेळा ५ ते १४. आता पेशंट सांगतोय काल हिंदमाताला (दादरचा पाणी तुंबणारा भाग) गुडघाभर पाण्यातून आलो आणि आज ताप भरला. तर हा ताप कालच्या पाण्याचा लेप्टो नाही, आठवडा-दोन आठवड्यांपूर्वी कुठे पाण्यात उतरला होता ते विचारा, पायाला जखम होती का विचारा, पोटऱ्या दाबून दुखतात का आणि डोळे लाल आहेत का ते बघा. गावाहून कधी आलात हाही प्रश्न त्याच पिरियडसाठी असतो, गप्पा मारायला नाही.

एजंट (जंतू), होस्ट (ज्याला रोग होतो तो), एन्व्हायर्नमेंट (परिसर) हा त्रिकोण काढायला सगळ्यांना येतो पण उदाहरण मागितलं की सगळे मलेरियाच लिहितात. आपल्याच शहराचं लिहा ना. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा जंतू माहीत होता, येर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधलेला, पण उंदरावरच्या पिसूचा मधला दुवा सिमों या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवला, त्यामुळे तोपर्यंत इथे गटारं धुवा, कार्बोलिक (जंतुनाशक) ओता असं चाललेलं. हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस इथेच तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. एजंट सापडला तरी पसरण्याची साखळी कळली नाही तर हात बांधलेलेच, हे या उदाहरणात जेवढं दिसतं तेवढं त्या त्रिकोणात नाही दिसत.

एन्डेमिक, एपिडेमिक, पॅन्डेमिक कोविडनंतर कोणाला शिकवायला नको. इन्सिडन्स म्हणजे नवीन केसेस, प्रिव्हॅलन्स म्हणजे नवीन-जुन्या सगळ्या, आणि हमखास विचारतात ते हे की औषधाने पेशंट जास्त जगू लागले पण पूर्ण बरे होत नसतील तर प्रिव्हॅलन्स वाढतो, डायबेटिसचं उदाहरण द्या. इरॅडिकेशन (जगातूनच नाहीसं होणं) देवीचं झालं, १९८०. पोलिओचं भारतात एलिमिनेशन (एका भागातून नाहीसं होणं), शेवटची केस जानेवारी २०११ ची. प्रिव्हेन्शनच्या लेव्हल्स घरी बसून होतील, टाकीला झाकण प्रायमरी, तापाच्या पेशंटची स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून केलेली तपासणी) काढून लवकर मलेरिया पकडणं सेकंडरी, स्ट्रोकनंतर फिजिओ टर्शरी.

सॅम्पलचा भाग मात्र घरी बसून होत नाही, तरी वाचून या. सीबीसीला (रक्तपेशींच्या मोजणीला) जांभळ्या झाकणाची ट्यूब, त्यात ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं. पीटी-आयएनआरला (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या टेस्टला) निळी, ती खुणेपर्यंतच भरायची, कमी भरली तर लॅबवाले परत पाठवतात आणि त्यांचं बरोबर असतं. शुगरला ग्रे. क्रम असा की निळी आधी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, ग्रे शेवटी, कारण जांभळीतलं पोटॅशियमवालं ईडीटीए दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं. जांभळी ट्यूब भरली की हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, गदागदा हलवायची नाही. नाही केली तर आत गुठळी होते आणि प्लेटलेट खोट्या कमी येतात, आणि पावसाळ्यात प्लेटलेट ४० हजार असा रिपोर्ट आला की काय धावपळ होते ते बघालच. ड्रिप चालू असलेल्या हातातून ब्लड काढायचं नाही. लेबल बेडपाशीच लावायचं, नाव विचारून, ‘तुम्ही सावंत ना?’ असं नाही, ‘नाव सांगा’ असं, कारण तापातला माणूस कशालाही हो म्हणतो. बेडका टीबीसाठी हवा असेल तर सकाळचा, खोल खोकून काढलेला, थुंकी नको, आणि हे पेशंटला करून दाखवावं लागतं, नुसती डबी हातात दिली तर थुंकीच मिळणार.

नर्सिंग डायग्नोसिस चुकलं म्हणून केअर प्लॅन (पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा) परत आलेले खूप बघितलेत. ‘डेंग्यू’ हे नर्सिंग डायग्नोसिस नाही, ते मेडिकल. आपलं असं, शरीराचं तापमान वाढणे, संसर्गाशी संबंधित, पुरावा म्हणजे १०३ ताप आणि गरम त्वचा. प्रॉब्लेम, कारण, पुरावा. आणि ‘रक्तस्रावाचा धोका’ लिहिताना पुरावा जोडायचा नाही कारण अजून रक्तस्राव झालेलाच नसतो, तिथे प्लेटलेट कमी आहेत हे धोक्याचं कारण लिहायचं. मेडिकल डायग्नोसिस आठवडाभर तेच राहील, आपलं सकाळ-संध्याकाळ बदलू शकतं, म्हणून कालचा प्लॅन कॉपी करून आणू नका, सिस्टर इन्चार्जला लगेच कळतं.

राहिलं तुमचं स्वतःचं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, झालेत का ते कार्डावर बघा, आईला विचारून नको. सुई टोचली तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि त्याच वेळी सांगायचं, ड्यूटी संपल्यावर नाही. येताना साचलेल्या पाण्यातून आलात तर पाय धुऊन कोरडे करा आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, लेप्टो टाळायची गोळी) लागली तर ते देतील, मैत्रिणीच्या पर्समधली घेऊ नका. लॉकरमध्ये मोज्यांचा जास्तीचा जोड ठेवा.